एकवीस अपेक्षित, न्यूयॉर्क आवृत्ती

आमचा भाचा यंदा आठवीत जातोय. त्यामुळे बहिणीच्या घरी सध्या मोठ्यानं बोलायला बंदी आहे.

घर न्यूयॉर्कात, क्वीन्स भागात. दोन किलो मेतकूट आणि गुडघेदुखीचं तेल घेऊन मी जुलैत तिथे पोहोचलो. दारात चपला काढतोय तोच बहिणीनं तोंडावर बोट ठेवलं. “दादा, हळू. त्याची टेस्ट चाललीय.” शनिवार, सकाळचे साडेनऊ. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागलेली. तरी आतल्या खोलीत टेस्ट. मी मेतकुटाची पिशवीसुद्धा आवाज न करता ठेवली.

फ्रिजवर गणपतीच्या चुंबकाखाली वेळापत्रक होतं. सोमवारी गुणोत्तर, मंगळवारी शेकडेवारी, बुधवारी अपूर्णांक, गुरुवारी भूमिती, शुक्रवारी ‘चुका’. शुक्रवारी चुका म्हणजे आठवडाभर चुकलेली गणितं परत सोडवायची. मी साठ वर्षं चुका करतोय, पण त्यांना स्वतंत्र वार द्यावा हे कधी सुचलं नाही.

प्रकरण असं आहे. न्यूयॉर्क शहरात चारशेच्या वर सरकारी हायस्कुलं आहेत, पण त्यातल्या आठांवर सोन्याचा पत्रा चढवलेला आहे. स्टायव्हसंट, ब्राँक्स सायन्स आणि ब्रुकलिन टेक ही त्या आठातली थोरली तीन. फी शून्य. आणि आत जायची वाट एकच, आठवीच्या वर्षी दिवाळीच्या आगेमागे होणारी तीन तासांची परीक्षा. सातवीचे मार्क बघत नाहीत. मुलाखत नाही, शिफारसपत्र नाही, चित्रकलेच्या ग्रेडचे वाढीव गुण नाहीत, आमदाराची चिठ्ठी तर नाहीच नाही. इंग्रजीचे ५७ प्रश्न, गणिताचे ५७, वेळ १८० मिनिटं. कॅल्क्युलेटरला बंदी. सूत्रांचा तक्ता मिळत नाही, सगळी डोक्यात घेऊन जायची. मुलांनी शाळांचा पसंतीक्रम भरायचा, सरकारनं गुणांची उतरंड लावायची आणि वरून जागा भरत खाली यायचं. अकरावीच्या कॅप राऊंडमधून पोळून निघालेल्या मराठी पालकाला हे समजावून सांगावं लागत नाही. पंचवीस-सव्वीस हजार मुलं बसतात. जागा मिळते साधारण चार हजारांना. उरलेल्यांना मार्चमध्ये कळतं की ती ‘अनुभवासाठी’ बसली होती.

आणखी एक गंमत. त्या ५७ गणितांपैकी १० मोजलीच जात नाहीत. पुढच्या वर्षांच्या पेपरांत घालण्याजोगी आहेत का, हे मुलांवर चाखून बघतात. कुठली दहा, ते सांगत नाहीत. म्हणजे पोरगं ज्या गणितावर चार मिनिटं नखं खात बसलं, ते गणित कदाचित परीक्षेला आलेलंच नव्हतं. हे ऐकल्यावर मला माझ्या सरकारी नोकरीतली बरीचशी वर्षं आठवली.

* * *

दुसऱ्या दिवशी भाच्याच्या शेजारी बसलो. मामा एकेकाळी स्कॉलरशिपला बसलेला, ही ख्याती बहिणीनं आधीच पसरवून ठेवलेली. (बसलेला, एवढंच खरं. पुढचं तिनं सांगितलं नाही, मीही नाही.)

गणित असं होतं. डब्यात लाल आणि निळ्या गोट्या ३ : ५ या प्रमाणात. आणखी ६ लाल टाकल्या, प्रमाण ३ : ४ झालं. निळ्या किती? मी चष्मा पुसला, कागद घेतला. लाल मानू ३ क्ष, निळ्या ५ क्ष…

“चाळीस,” भाचा म्हणाला.

“अरे, कसं?”

“पर्याय बघ ना मामा. पाचनं भाग जायला हवा, चारनंही जायला हवा. असा एकच आहे.”

माझा क्ष कागदावर उघडा पडला. पोरानं समीकरण मांडलं नव्हतं, सोडवलं नव्हतं. वाड्याचं कुलूप न उघडता खिडकीतून आत शिरून चहा पिऊन आला होता. मला कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. विभाज्यतेची ती समज अस्सल होती. मी तसं म्हटलंही. त्यावर तो म्हणाला, “समज नाही, ही ट्रिक नंबर एकोणीस आहे.”

पुढचं गणित. गाडी जाताना ताशी ६० मैलांनी गेली, त्याच रस्त्यानं येताना ४० नं आली. सरासरी वेग किती? मी आत्मविश्वासानं ५० म्हणालो. भाच्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण स्टँडवर चुकीच्या गाडीत बसलेल्या म्हाताऱ्याकडे पाहतो. उत्तर ४८. येताना जास्त वेळ रस्त्यावर घालवला ना, म्हणून मंद वेगाचं वजन जास्त. मुद्दा सुंदर आहे, आयुष्यालाही लागू आहे. पण थांबून तो चघळायला सवड नाही, कारण निम्मा वेळ गणिताला धरला तर प्रश्नामागे मिळतात साधारण ९५ सेकंद. ५० म्हणणारा मुलगा गल्लीतल्या शाळेत जाणार आणि ४८ म्हणणारा स्टायव्हसंटला. मी कुठे गेलो असतो ते उघड आहे.

आमच्या घराण्याचा उतार या टेबलावर मला एकदम दिसला. वडिलांना औटकी पाठ होती, म्हणजे साडेतीनचा पाढा. बाजारात साडेतीन रुपयांचा भाव कोणी सांगितला तर सोळा नगांचे छप्पन रुपये ते पाकीट काढायच्या आत सांगत. मी दिडकीपर्यंत पोहोचलो आणि अडीचकीच्या उंबऱ्यावर बसलो. बहिणीला तीसपर्यंत पाढे येतात. भाच्याला बारापर्यंत. त्याला एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन, हे अजून नक्की नाही. त्याला हसू नका. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला ‘वीस सात’ छापून आलं, तेव्हा अख्खा महाराष्ट्र पेटून उठला होता आणि विधानसभेत ‘फडणवीसांना आता फडण दोन शून्य म्हणायचं का’ इथपर्यंत मजल गेली होती. आकड्यांच्या नावांवरून आपण रान उठवू शकतो. आकड्यांवरून उठवल्याचं आठवत नाही.

* * *

क्लास पाहायला गेलो. नाव सांगत नाही, सगळे सारखेच. खाली लाँड्री, वर ज्ञान. जिन्यात दोहोंचा वास मिसळलेला. काचेवर गेल्या वर्षी लागलेल्या मुलांचे फोटो, दहावीच्या निकालानंतर आपल्या चौकात लागतात तसेच, फक्त नगरसेवक नव्हता.

आल्या-आल्या फुकट निदान चाचणी. आमच्याकडे रक्ततपासणीच्या शिबिरात जातात तसं मुलाला आत पाठवायचं आणि रिपोर्टची वाट बघायची. रिपोर्ट ठरलेला. “हुशार आहे, पण पाया कच्चा आहे.” बहिणीनं ओळखीच्या सात-आठ घरी चौकशी केली, सगळ्यांचा पाया कच्चा निघाला. फुकट चाचणीत आजवर कोणी निरोगी निघालेलं नाही. फी ऐकल्यावर मी मनातल्या मनात रुपये करायला घेतले आणि तिसऱ्या शून्यापाशी सोडून दिलं. शहर स्वतः एक पुस्तिका फुकट देतं, आत पूर्ण सराव परीक्षा, उत्तरं, स्पष्टीकरणं. ती बहिणीच्या घरी आहे. वाटाण्याच्या डब्याखाली.

इथवर मी मजेत टोमणे मारत होतो. मग बाहेरच्या बाकांवर नजर गेली. एक बांगलादेशी गृहस्थ टॅक्सीची पाळी संपवून आलेले, बसल्या-बसल्या डुलकी काढत होते. एक चिनी आजी डबा मांडीवर घेऊन बसली होती, तिला इंग्रजीतलं अक्षर येत नव्हतं, पण फळ्यावर लिहिलेला पेपरचा दिवस आणि वेळ तिला बरोबर ठाऊक होती. यांच्यापैकी कोणी शाळेच्या देणगीदाराच्या ओळखीचा नाही. कोणाला निबंधात ‘नेतृत्वगुण’ कसे मांडायचे ते माहीत नाही. तीन तासांचा पेपर हीच एक जागा अशी आहे, जिथे त्यांचा नातू आणि वकिलाचा मुलगा यांना एकच प्रश्न विचारतात. स्टायव्हसंटमधली जवळपास निम्मी मुलं कमी उत्पन्नाच्या घरांतली म्हणून नोंदलेली आहेत. तेव्हा ‘श्रीमंतांची परीक्षा’ हे वाक्य मी घरून घेऊन आलो होतो, ते परत पिशवीत टाकलं.

पण पिशवीत दुसरा आकडाही होता. २०१९ साली स्टायव्हसंटनं ८९५ मुलांना प्रवेश देऊ केला. त्यात कृष्णवर्णीय मुलं ७. आठशेपंच्याण्णवात सात! आणि याच शहराच्या सरकारी शाळांतली दोन तृतीयांशाच्या आसपास मुलं कृष्णवर्णीय आणि लॅटिनो आहेत. ही शेकडेवारी काढायला ट्रिक नंबर एकोणीस लागत नाही. पेपर सगळ्यांना एकच, हे खरं. पण काही पोरं त्या पेपरच्या दोन वर्षं आधी धावायला लागलेली असतात आणि काहींना शर्यत आहे हेच आठवीत कळतं. शाळेतच कोणी सांगितलं नाही तर घरी कोण सांगणार?

दोन्ही आकडे खरे आहेत. एकच आकडा घेऊन बोलणाऱ्याशी मी इथे वाद घालत नाही. तो बहुतेक निवडणुकीला उभा असतो.

* * *

उभे राहिले होते, तेही सांगतो. ही परीक्षा हेडमास्तरांच्या लहरीवर नाही, ती कायद्यात आहे. १९७१ साली राज्याच्या विधिमंडळानं थोरल्या तीन शाळांसाठी लेखी परीक्षाच हवी असं लिहून ठेवलं. त्यामुळे महापौरांना ती नकोशी झाली तरी त्यांच्या हातात काही नाही, राजधानी ऑल्बनीत जाऊन कायदा बदलून आणावा लागतो. २०१८ साली तेव्हाचे महापौर बिल डी ब्लासिओ तिथे गेले. म्हणाले, परीक्षा काढा, प्रत्येक शाळेतली वरची सात टक्के मुलं घ्या. त्यांचे स्वतःचे चिरंजीव तोवर ब्रुकलिन टेकमधून शिकून बाहेर पडले होते. पूल ओलांडून झाल्यावर पुलाचं डिझाइन वाईट आहे हे जास्त स्पष्ट दिसतं. परीक्षेच्या बाजूनं उतरले रोनाल्ड लॉडर, सौंदर्यप्रसाधनांच्या साम्राज्याचे वारस आणि ब्राँक्स सायन्सचे माजी विद्यार्थी. लिपस्टिकचा पैसा त्रैराशिकाच्या बचावाला धावला. परीक्षा राहिली. २०२५ पासून तिला कागदावरून उचलून संगणकावर बसवलं, एवढीच काय ती क्रांती.

परीक्षा काढली असती तर क्लास बंद पडले असते, असं ज्यांना वाटतं त्यांनी व्हर्जिनियाला जाऊन यावं. वॉशिंग्टनच्या दाराशी फेअरफॅक्स काउंटी आहे, तिथे थॉमस जेफरसन नावाचं विज्ञानाचं हायस्कूल आहे, सगळे ‘टीजे’ म्हणतात. तिकडच्या मराठी घरांत हा शब्द वराच्या पगाराइतक्या आदरानं उच्चारला जातो. २०२० च्या शेवटी तिथल्या शाळा मंडळानं प्रवेश परीक्षा रद्द केली, अर्जाची शंभर डॉलर फीसुद्धा काढली, ५५० जागा ठेवल्या आणि प्रत्येक मिडल स्कूलच्या आठवीतली वरची दीड टक्का मुलं राखीव धरली. पहिल्याच वर्षी आशियाई मुलांचं प्रमाण ७३ टक्क्यांवरून ५४ वर आलं. पालक कोर्टात गेले, खाली जिंकले, वर हरले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

आता क्लासवाल्यांनी शटर ओढायला हवं होतं की नाही? परीक्षा गेली, पण अर्जात निबंध आले, आणि आठवीत किमान बीजगणिताचा पहिला अभ्यासक्रम घेतलेला हवा ही अट होतीच. मग बीजगणित आठवीऐवजी सातवीत कसं घेता येईल, याची पळापळ. सातवीत घ्यायचं तर त्याची वेगळी पात्रता चाचणी सहावीत. पूर्वी आठवीतली पोरं घाबरायची, आता सहावीतली घाबरतात. मेव्हण्याचा एक मित्र तिकडे राहतो. त्याच्या मुलीला ‘मी अडचणीवर कशी मात केली’ याची शिकवणी लावली आहे. मुलगी अकरा वर्षांची, घर चार बेडरूमचं, अडचण कुठून आणायची? शेवटी एकदा इंटरनेट दोन दिवस बंद होतं ते कामी आलं.

मला या सगळ्यात गणिताची दया येते. चांगल्या घरातला, शिकलेला, थोडा अबोल असा हा माणूस, त्याला आपण वॉचमनचा गणवेश चढवून गेटवर उभं केलं आहे. चारशेवर सोसायट्या, त्यातल्या आठांना पाणी चोवीस तास येतं, म्हणून रांग. रांग आवरायला कोणीतरी हवा, हा प्रामाणिक आहे, पैसे खात नाही, उभा करा याला. मग पोरं त्याच्याशी बोलायला शिकतात ती फक्त त्याला चुकवून आत कसं जायचं एवढंच. आत गेल्यावर त्याला कोणी ओळख देत नाही. आणि बाहेर राहिलेला जन्मभर शिव्या देतो तो सोसायटीच्या कमिटीला नाही, वॉचमनला.

आपण नाकं मुरडायचं कारण नाही. आपल्याकडे नवोदयची पहिली दोन विद्यालयं १९८६ च्या सुमारास निघाली, त्यातलं एक हरियाणातल्या झज्जरला, दुसरं आपल्या अमरावतीला. कल्पना नामी, खेड्यातल्या हुशार पोराला फुकट उत्तम शाळा. आज जिल्ह्याजिल्ह्यांतून पाचवीतली मुलं ८० प्रश्न दोन तासांत सोडवतात, सहावीतल्या ८० जागांसाठी. न्यूयॉर्कवाले तेराव्या वर्षी घाबरवतात, आपण दहाव्या वर्षी उरकतो. त्यासाठीची गाईडं तालुक्याच्या स्टँडवर, वडापावच्या गाडीशेजारी मिळतात. निदान किमतीत तरी आपण पुढे आहोत.

* * *

बहिणीचा हुकमी एक्का नोबेल. “दादा, ब्राँक्स सायन्सच्या सात मुलांना फिजिक्सचं नोबेल मिळालंय. सात!” खरं आहे. त्यातले ग्लॅशो आणि वाइनबर्ग तर एकाच वर्गातले, १९५० ची बॅच, आणि १९७९ चं नोबेलही त्यांनी एकत्र घेतलं, अब्दुस सलाम यांच्यासोबत. बाकावरच्या शेजाऱ्यानं खोडरबर परत केला नाही एवढीच आपल्या वर्गमित्रांची आठवण.

मी म्हटलं, तुझ्या याच क्वीन्समध्ये समुद्राकडेला फार रॉकअवे नावाचं एक साधं हायस्कूल होतं. प्रवेश परीक्षा नाही, आसपासची मुलं येतील ती घ्यायची. तिथून रिचर्ड फाइनमन निघाले. बर्टन रिश्टर निघाले. बारूख ब्लुमबर्ग निघाले. तिघांनाही नोबेल.

बहीण पोळी लाटायची थांबली. “मग ती शाळा कुठेय? तिथे घालू की.”

“२०११ मध्ये बंद केली. निकाल चांगले लागत नव्हते.”

तिनं पोळी तव्यावर टाकली. “बघ. म्हणूनच क्लास.”

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. अजून नाही. तिचं गणित चुकलेलं नाही, हीच पंचाईत आहे. गल्लीतली शाळा सुधारायची वाट बघत बसली, तर तोवर भाच्याला नातवंडं होतील.

* * *

भाच्याला एकदा ती शाळा बाहेरून दाखवावी म्हणून ऑगस्टमध्ये आम्ही दोघं निघालो. स्टायव्हसंट १९०४ ची, पण आताची इमारत १९९२ ची, मॅनहॅटनच्या खालच्या टोकाला, हडसन नदीच्या काठी. दहा मजली, आत सरकते जिने. जुनी मुलं नव्या मुलांना अकराव्या मजल्यावरच्या पोहण्याच्या तलावाचे पास विकतात, अशी तिथली जुनी थट्टा आहे. शहरातली सगळ्यात हुशार पोरं निवडून घ्यायची, आणि पहिला धडा दहा मजले मोजण्याचा!

७ नंबरच्या गाडीत बसायला जागा मिळाली. भाच्यानं पिशवीतून सरावाची वही काढली. मी म्हटलं, जरा थांब, तुला एक गंमत दाखवतो. कुठलाही चार अंकी आकडा घे, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लाव, मग चढत्या क्रमानं, आणि मोठ्यातून लहान वजा कर. जे येईल त्याचं परत तेच कर.

“कुठला आकडा?”

मी परीक्षेच्या कायद्याचं वर्ष दिलं. १९७१. त्यानं समासात मांडलं. ९७११ वजा ११७९, आले ८५३२. परत ८५३२ वजा २३५८, आले ६१७४.

“आता याचं कर.”

७६४१ वजा १४६७. ६१७४. त्यानं मान वर केली. परत केलं, परत ६१७४.

“दुसरा आकडा घे. स्टायव्हसंटचं वर्ष घे, १९०४.” तीन पायऱ्यांत ६१७४. मग त्यानं माझं जन्मवर्ष घेतलं, मग डब्याच्या दारावरचा नंबर. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्या, आणि मुक्काम तोच.

मी सांगितलं, हे शोधणारा गृहस्थ आपला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, नाशिकजवळच्या देवळालीला शाळामास्तर होते. जन्मभर मुलांना शिकवलं आणि उरलेल्या वेळात आकड्यांशी खेळत बसले. विद्यापीठातली मोठी माणसं नाक मुरडायची, हे काय गणित म्हणून. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या सायंटिफिक अमेरिकनमध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा जगाला कळलं. ६१७४ ला आता जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात.

भाच्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे टेस्टला येतं का?”

“नाही.”

“ओके,” म्हणाला आणि वहीचं पान उलटलं. गुणोत्तर, प्रश्न क्रमांक एकतीस. ग्रँड सेंट्रल येईपर्यंत आम्ही काही बोललो नाही. मी खिडकीतून बोगदा बघत होतो.

गेल्या गुरुवारी पाणी प्यायला रात्री उठलो, तर स्वयंपाकघराच्या टेबलावर त्याची वही उघडी पडलेली. भूमितीच्या पानाच्या समासात वरपासून खालपर्यंत वजाबाक्या. १९३८ पासून सुरुवात, ब्राँक्स सायन्सची स्थापना त्या वर्षीची. पायऱ्या आठ झाल्या होत्या आणि शेवटी मोठं प्रश्नचिन्ह. सकाळी बहिणीनं ते पान पाहिलं, कपाळाला हात लावला आणि शुक्रवारच्या ‘चुका’मध्ये टाकून दिलं.

ती बरोबर होती. पाचव्या पायरीला हातचा विसरला होता. वाचकांनी १९३८ स्वतः करून बघावं, कॅल्क्युलेटरला अर्थात बंदी. बरोबर सात पायऱ्या लागतात. आठवी लागली तर वजाबाकी चुकली समजा, आणि शुक्रवारी परत सोडवा.